रशियाला आर्क्टिकमध्ये नक्की काय हवंय? आधी पाणबुडी, मग गॅस, मग रस्ता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की बर्फ वितळतोय, रशिया उत्तरेला तळांवर तळ बांधतोय, अणुशक्तीवर चालणारे आइसब्रेकर, म्हणजे बर्फ फोडत जाणारी जहाजं, पाण्यात सोडतोय, तर तिकडे दुसरा सुएझ तयार होतोय का, भारताने त्यात पैसा घालावा का, आणि तुमच्या भाच्याला मुर्मान्स्कला, म्हणजे रशियाच्या उत्तर टोकाच्या बंदराला, जाणाऱ्या टँकरवर नोकरी मिळतेय तर त्याने जावं का. भाच्याचं शेवटी सांगतो, खरं तर तोच सगळ्यात कामाचा प्रश्न आहे.

आधी माझी ओळख, म्हणजे कुठलं डोळ्यांनी बघितलेलं आणि कुठलं वाचलेलं ते तुम्हाला कळेल. एकतीस वर्षं टँकरवर काढली, त्यातली शेवटची अकरा मास्टर म्हणजे कॅप्टन म्हणून. नॉर्वे-रशियाच्या उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रात आठ हिवाळे, आणि त्याच्या पूर्वेच्या कारा समुद्रात तीन फेऱ्या, त्यातली एक ऐन नोव्हेंबरात. आता घरी असतो, अधूनमधून पोरांना आइस नेव्हिगेशन शिकवतो. मी काही परराष्ट्र खात्यातला माणूस नाही, पण एखाद्या देशाला काय जपायचंय हे त्याच्या भाषणांपेक्षा त्याच्या बंदरात जास्त कळतं असं माझं मत झालंय.

पेपरात आणि टीव्हीवर क्रम नेहमी उलटा सांगतात. बर्फ वितळला, मग रस्ता उघडला, मग तेल-गॅस, आणि त्याच्या राखणीला सैन्य. प्रत्यक्षात रशियाच्या डोक्यातला क्रम आधी पाणबुडी, मग गॅस, आणि रस्ता शेवटी. हा क्रम लक्षात ठेवला की त्यांच्या बऱ्याचशा विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो.

एक प्रसंग सांगतो. जानेवारी महिना, दुपारचे बारा, आम्ही मुर्मान्स्कच्या कोला खाडीत शिरत होतो. दुपारचे बारा म्हणजे सूर्य वगैरे नाही हं, तिकडे डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या दहा-अकरा तारखेपर्यंत तो उगवतच नाही, नुसता दक्षिणेला दोन-अडीच तास निळसर उजेड. हवा उणे २२, आणि समुद्राचं पाणी त्यामानाने गरम, कारण अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहाचं शेपूट तिथपर्यंत पोचतं, म्हणून तर मुर्मान्स्क बंदर बाराही महिने गोठत नाही. तर त्या पाण्यातून चुलीवरच्या आधणासारखी वाफ निघत होती, इतकी की ब्रिजवरून आमच्याच बोटीचं नाक दिसेना. तेवढ्यात ट्रॅफिक कंट्रोलचा आवाज आला, स्पीड कमी करा, कडेला राहा. आम्हाला खाडीतून वाट दाखवायला चढलेल्या पायलटने काही न बोलता चहा मागितला. रडारवर दोन टग आणि त्यांच्यामध्ये एक बुटका एको, एआयएसवर, म्हणजे प्रत्येक बोटीची ओळख दाखवणाऱ्या यंत्रावर, मात्र नाव नाही गाव नाही. दहा मिनिटांनी वाफेतून एक काळी पाठ सरकत गेली, म्हैस पाण्यात बसल्यावर जेवढी दिसते तेवढीच. आमचा कॅडेट मोबाइल काढायला लागला तर पायलट त्याच्याकडे न बघताच इंग्लिशमध्ये एकच शब्द बोलला, "जेल." पोराने मोबाइल ठेवला तो मुर्मान्स्क सुटेपर्यंत बाहेर काढला नाही.

लाख टनाची बोट, तासाला डॉलर जळतायत, देशाचं तेल न्यायला आलेली, आणि तिला थांबवून पाणबुडी पुढे. रशियाचं आर्क्टिक धोरण मला त्या दिवशी कळलं असं म्हटलं तरी चालेल.

आता हे असं का? नकाशा नेहमीसारखा बघू नका, वरून, म्हणजे उत्तर ध्रुव मधोमध ठेवून बघा. रशियाच्या नौदलाला बाहेर पडायच्या वाटा मोजा. बाल्टिकमधून निघालं तर डेन्मार्कच्या सामुद्रधुनीतून जावं लागतं. काळ्या समुद्रातून निघालं तर तुर्कस्तानच्या दारातून. व्लादिवोस्तोकहून निघालं तर जपानच्या आजूबाजूने. सगळीकडे दाराची कडी दुसऱ्याच्या हातात. युरोपच्या बाजूला मुर्मान्स्कजवळचा कोला द्वीपकल्प हीच एक अशी जागा आहे की जिथून सरळ मोकळ्या समुद्रात येता येतं आणि पाणीही गोठत नाही. म्हणून नॉर्दर्न फ्लीटचं, म्हणजे रशियन नौदलाच्या उत्तरेच्या ताफ्याचं, मुख्यालय सेवेरोमोर्स्क तिथे, गाद्झियेवो आणि झापाद्नाया लित्सा हे पाणबुड्यांचे तळ तिथे. लांब पल्ल्याची अण्वस्त्रं वाहणाऱ्या रशियाच्या पाणबुड्या दोनच ठिकाणी असतात, एक इथे आणि दुसरं पार पूर्वेला कामचातकात. नवीन बोरेई वर्गाच्या एकेका पाणबुडीत १६ बुलावा क्षेपणास्त्रं. त्यांना हल्ल्यासाठी अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत जायचीही गरज नाही, बॅरेंट्स समुद्रात घराजवळ लपून बसायचं, वेळ आलीच तर ध्रुवावरून सोडायचं, कारण रशिया ते अमेरिका सगळ्यात जवळचा रस्ता ध्रुवावरूनच जातो. ग्रीनलंडमध्ये पिटुफिकला अमेरिकेचा रडार तळ आहे तो याचसाठी, आणि ट्रम्प ग्रीनलंड पाहिजे पाहिजे म्हणतात त्यामागे निदान एवढी एक गोष्ट खरी आहे (बाकीचं सोडून द्या, १९५१ च्या कराराने अमेरिकेला तिथे तळ ठेवायची मुभा आधीपासूनच आहे).

तर या लपायच्या जागेला पाश्चात्त्य नौदलवाले बॅस्टियन म्हणतात. बॅस्टियन म्हणजे आपल्या भाषेत बुरूजच.

आणि बुरूज म्हटलं की आपल्याला हिरकणीच आठवणार. रायगडाचा तो कडा कोणी उतरूच शकत नाही म्हणून तिथे तटबंदी नव्हती, हिरकणी बाळासाठी रातोरात उतरली, आणि महाराजांनी तिचा सन्मान तर केलाच पण त्या जागी बुरूजही बांधून घेतला, अशी दंतकथा आपण लहानपणापासून ऐकतो. रशियाचं अगदी तेच झालंय. सुमारे २४ हजार किलोमीटरचा उत्तर किनारा, आणि शेकडो वर्षं तो राखायला बर्फाचा कडा होता, फुकटात. आता तो कडाच ढासळतोय, आर्क्टिक बाकीच्या जगापेक्षा जवळजवळ चौपट वेगाने तापतोय. म्हणजे बर्फ वितळणं ही रशियाला नुसती संधी आहे असं जे लिहितात ना, त्यांनी सेनापतीच्या जागी बसून बघावं. त्याला दिसतं की जिथून कधी कोणी येणार नव्हतं तिथून आता कोणीही येऊ शकेल.

म्हणून २०१३ पासून सोव्हिएत काळातले बंद पडलेले तळ परत उघडले. फ्रान्झ योसेफ लँडवर नागुर्स्कोये, तिथली धावपट्टी वाढवून मोठी विमानं उतरतील अशी केली. न्यू सायबेरियन बेटांपैकी कोतेल्नीवर टेम्प. नोव्हाया झेम्ल्यावर रोगाचोवो, हा तोच बेटांचा समूह जिथे १९६१ मध्ये ५० मेगाटनचा झार बॉम्ब फोडला होता. पण आकडा बघा, नागुर्स्कोयेची ती तिरंगी शामियान्यासारखी दिसणारी इमारत, जिचे फोटो सगळीकडे फिरतात, ती बांधलीय १५० माणसांनी दीड वर्ष बाहेरून काही न मागता राहण्यासाठी. १५० माणसांनी कोणी देश जिंकायला जात नाही. रडार, धावपट्टी, विमानविरोधी क्षेपणास्त्रं, किनाऱ्यावरून बोटी बुडवणारी क्षेपणास्त्रं, सगळी बुरुजावर असते ती सामग्री. मार्च २०२१ मध्ये त्याच भागात तीन अणुपाणबुड्या एकदम बर्फ फोडून वर आणून दाखवल्या, दीड मीटर जाडीचा बर्फ, तेही शेजारी-शेजारी. ते कोणाला दाखवायचं होतं हे सांगायला नको.

आता कोणी म्हणेल कॅप्टन रशियाची वकिली करतायत. नाही. बचावासाठी म्हणून बांधलेली गोष्ट बचावासाठीच वापरतात असं कुठे लिहिलंय? त्याच मुर्मान्स्क प्रांतात ओलेन्या नावाचा विमानतळ आहे, तिथून उडालेल्या बॉम्बर्सनी युक्रेनच्या शहरांवर क्रूझ क्षेपणास्त्रं सोडली, आणि म्हणून १ जून २०२५ ला युक्रेनने ट्रकमध्ये लपवून नेलेले ड्रोन थेट ओलेन्यावर सोडले. आर्क्टिक वर्तुळाच्या आत! आणि जीपीएसचे सिग्नल बिघडवण्याचा त्रास तर आम्ही स्वतः भोगलाय, नॉर्वेच्या उत्तर टोकाजवळ एकदा ईसीडीआयएसवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशावर, आमची बोट चक्क डोंगरावर चढलेली दिसत होती, सेकंड ऑफिसर बिचारा माझ्याकडे बघतोय आणि मी खिडकीतून दीपगृह शोधतोय. शेवटी रडार, बेअरिंग, कागदी चार्ट, जुन्या पद्धतीने काढलं. नॉर्वे कित्येक वर्षं तक्रार करतोय, रशिया कानावर हात ठेवतोय.

कायद्याच्या बाबतीत मात्र एक गंमत आहे जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रशिया युक्रेनमध्ये कायदा पायदळी तुडवतोय आणि आर्क्टिकमध्ये अगदी शहाण्या मुलासारखा वागतो, कारण इथे कायदा त्याच्या बाजूचा आहे. सातबारा आपल्या नावावर असला की माणूस तलाठ्याशी गोड बोलतोच. ऑगस्ट २००७ मध्ये आर्तुर चिलिंगारोव मिर पाणबुडीतून ध्रुवाच्या तळाशी, ४,२६१ मीटर खोल, टायटॅनियमचा झेंडा रोवून आला तेव्हा जगभर बोंबाबोंब झाली, पण झेंडा रोवून जमीन मिळत नाही हे मॉस्कोलाही माहीत होतं. खरं काम चाललं होतं कागदावर. समुद्रतळ आपल्या भूभागाचाच पुढे गेलेला भाग आहे हे दाखवणारा अर्ज संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडे सगळ्यात आधी करणारा देश रशियाच, २००१ मध्ये. तो परत पाठवला तर २०१५ मध्ये पुन्हा केला, २०२१ मध्ये वाढवला. डेन्मार्क आणि कॅनडाचे दावे त्याच लोमोनोसोव्ह नावाच्या समुद्राखालच्या डोंगररांगेवर आहेत, तिघांची बांधावरून भांडणं असतात तसं. हा आयोग समुद्र कायद्याच्या ज्या करारातून आला, अमेरिकेने तर त्यावर आजही सही-शिक्का पूर्ण केलेला नाही आणि दुसऱ्यांना नियम सांगते, ते एक वेगळंच. आणि नॉर्वेबरोबर बॅरेंट्समधला पावणेदोन लाख चौरस किलोमीटरचा वाद होता, चाळीस वर्षं चाललेला, तो २०१० मध्ये मुर्मान्स्कलाच करार करून जवळजवळ अर्धा-अर्धा वाटून घेतला. हाच तो देश बरं का.

गोर्बाचेव्ह १९८७ मध्ये मुर्मान्स्कला येऊन म्हणाले होते की आर्क्टिक शांततेचा प्रदेश व्हावा. त्यातून पुढे १९९६ मध्ये आठ देशांची आर्क्टिक कौन्सिल झाली, पण तिच्या जाहीरनाम्यातच लिहून ठेवलं की लष्करी विषय इथे काढायचे नाहीत. आपण २०१३ पासून तिथे निरीक्षक आहोत, चीनही त्याच दिवशी झाला. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर बाकी सात देशांनी रशियाबरोबर बसायचं थांबवलं, आणि गंमत म्हणजे अध्यक्षपद तेव्हा रशियाकडेच होतं. पुढे फिनलंड एप्रिल २०२३ ला आणि स्वीडन मार्च २०२४ ला नाटोत. म्हणजे आठातले सात नाटोत आणि आठवा रशिया. फिनलंडची सरहद्द १,३४० किलोमीटरची, आणि कोलाला दक्षिणेशी जोडणारी एकच मुख्य रेल्वे लाइन आणि एकच हायवे, दोन्ही त्या सरहद्दीला समांतर जातात. पुतिननी स्वतःच्या हाताने स्वतःच्या बुरुजामागे नाटो आणून बसवली, यापेक्षा मोठी चूक मला तरी दिसत नाही. त्यात नॉर्वेच्या सीमेजवळ पेचेंगाला असलेली आर्क्टिकसाठी तयार केलेली २०० वी ब्रिगेड युक्रेनला पाठवली आणि तिथे तिची चाळण झाली. पाणबुड्या मात्र जिथल्या तिथे आहेत, त्यांना हात लागलेला नाही. परत तोच क्रम.

गॅसचं पटकन सांगतो. रशियाच्याच २०२० च्या धोरणात लिहिलंय की त्यांचा ८० टक्क्यांहून जास्त नैसर्गिक वायू आर्क्टिक पट्ट्यातून येतो. पूर्वी तो पाइपने युरोपला जायचा, आता यमाल द्वीपकल्पावर साबेत्ताला खूप थंड करून, द्रव (एलएनजी) बनवून बोटीत भरतात, डिसेंबर २०१७ पासून. त्यासाठी खास बनवलेल्या आर्क-७ वर्गाच्या १५ बोटी आहेत, पातळ बर्फात नाकाने चालतात आणि जाड बर्फ आला की वळून शेपटाने, प्रॉपेलरने बर्फ चावत चावत, मागच्या बाजूने पुढे जातात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं यांचं काहीतरी बिनसलंय. दुसरा प्रकल्प आर्क्टिक एलएनजी-२, त्यावर २०२३ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले, भारताने तो गॅस घेणार नाही असं सांगितलं, वर्षभर गॅसने भरलेल्या बोटी गिऱ्हाईक शोधत समुद्रात भटकत होत्या, शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये चीनने पहिली बोट उतरवून घेतली. अर्थात भाव चीनने ठरवला असणार, अडलेला नारायण कोणाचे पाय धरतो ते आपल्याला माहीत आहे. यमालमध्येही चिनी पैसा जवळजवळ तीस टक्के आहे. चीन २०१८ पासून स्वतःला "आर्क्टिकच्या जवळचा देश" म्हणवतो, नकाशावर बघा किती जवळचा ते, आणि मॉस्कोला ते मनातून अजिबात आवडत नाही, पण बोलणार कसं.

आता रस्ता. नॉर्दर्न सी रूट म्हणजे नोव्हाया झेम्ल्याजवळच्या कारा गेटपासून बेरिंग सामुद्रधुनीपर्यंत सुमारे ५,६०० किलोमीटर. इथे परमिशन लागते, आणि ही परमिशन हीच खरी परराष्ट्रनीती आहे. समुद्र कायद्याचं कलम २३४ सांगतं की वर्षातला बराचसा काळ बर्फाखाली असणाऱ्या पाण्यात किनाऱ्यावरचा देश प्रदूषण टाळायला जादा नियम लावू शकतो. रशियाने त्या एका कलमावर अख्खा टोलनाका उभा केलाय. आधी अर्ज, बोटीचा आइस क्लास, विम्याचे कागद, कुठल्या महिन्यात कुठल्या भागात आइसब्रेकरशिवाय जाता येईल त्याचा तक्ता, मग आइस पायलट घ्या, आइसब्रेकरची फी भरा. हे सगळं २०१८ पासून रोसातोमकडे, म्हणजे अणुऊर्जावाल्या सरकारी कंपनीकडे, कारण आठ अणुआइसब्रेकर त्यांचे. अमेरिका म्हणते त्यातल्या सामुद्रधुनी आंतरराष्ट्रीय आहेत, कोणीही जाऊ शकतो. २०१८ मध्ये एक फ्रेंच नौदलाची बोट तशीच पार गेली, त्यानंतर २०२२ च्या शेवटी रशियाने कायदाच केला की परदेशी युद्धनौकांनी आतल्या पाण्यात यायचं तर ९० दिवस आधी विचारा. आणि यात एक गोची अशी की बर्फ जसजसा कमी होईल तसतसं "वर्षातला बराचसा काळ बर्फ" हे म्हणणंच पातळ होत जाणार. ज्या बर्फावर टोलनाका उभा आहे तोच वितळतोय. मॉस्कोच्या वकिलांना हे कळत नसेल असं समजू नका.

पण वाहतूक किती? २०१८ मध्ये पुतिननी हुकूम काढला की २०२४ पर्यंत वर्षाला ८ कोटी टन झाली पाहिजे. २०२४ मध्ये झाली सुमारे ३.७९ कोटी टन, तोही विक्रम म्हणून साजरा केला. त्यातली इकडून तिकडे आरपार जाणारी वाहतूक ३० लाख टनांच्या आसपास. बाकी सगळं यमालचा गॅस, ओब खाडीतलं तेल, नोरिल्स्कचं निकेल. सुएझमधून धड चालू असलेल्या वर्षात शंभर कोटी टनांहून जास्त जातं, म्हणजे तुलनाच नाही. मी पोरांना सांगतो, साखर कारखान्याचा रस्ता बघितलाय का? गळीत हंगामात त्यावर इतक्या ट्रॉल्या असतात की वाटतं केवढा मोठा हायवे, पण प्रत्येक ट्रॉली त्याच शिवारातला ऊस घेऊन त्याच कारखान्यात निघालेली. नॉर्दर्न सी रूट हा तसा रस्ता आहे. रशियाचा ऊस बाहेर काढायला तो उत्तम आहे, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे म्हणून त्याच्याकडे बघू नका.

मीही गेलोय त्यावरून, त्यामुळे सांगतो. ती नोव्हेंबरातली कारा समुद्राची फेरी. पुढे आइसब्रेकर, मागे आम्ही, अंतर दोन-तीन केबल म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या आत-बाहेर. लांब राहिलं तर त्याने फोडलेला चर आपल्यापर्यंत येईस्तोवर मिटतो, जवळ गेलं तर तो जाड बर्फाला अडकून अचानक थांबला की आपण त्याच्या ढुंगणात घुसणार, कारण भरलेला टँकर काय रिक्षासारखा ब्रेक मारून थांबत नाही. रात्रभर पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज, केबिनमध्ये झोप नाही, मेसमधल्या पाण्याच्या ग्लासात सारखे तरंग. सकाळी डेकवर बघितलं तर व्हेंट, व्हॉल्व्ह, जिने, सगळ्यावर बर्फाचं कवच, फेकायचा दोर काठीसारखा कडक, मग बोसनची, म्हणजे डेकवरच्या मुकादमाची, पोरं लाकडी हातोडे घेऊन लागली, लोखंडी हातोडा चालत नाही, ठिणगी पडली तर टँकरवर काय होईल ते सांगायला नको. अशात कंटेनर कंपनीला "मंगळवारी सकाळी सहाला पोचतो" असं लिहून कोण देणार? २०२१ च्या शरद ऋतूत बर्फ नेहमीपेक्षा लवकर आला आणि पूर्वेकडे वीसेक बोटी अडकून पडल्या, आइसब्रेकर येईपर्यंत हात चोळत. त्यात सान्निकोव्ह सामुद्रधुनी उथळ, सुमारे १३ मीटर, मोठी कंटेनर बोट तिथे मावतच नाही. अडचण आली तर वाटेत धड दुरुस्तीचं बंदर नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये इस्तंबूल ब्रिज नावाची बोट चीनच्या निंगबोहून इंग्लंडला वीसेक दिवसांत पोचली, त्याचं खूप कौतुक झालं, व्हायलाही पाहिजे, पण ती मध्यम आकाराची बोट आणि निघाली सप्टेंबरात, जेव्हा बर्फ वर्षात सगळ्यात कमी असतो. फेब्रुवारीत करून दाखवा म्हणावं.

मग भारताने काय करावं. पहिलं म्हणजे जेएनपीटीतून निघालेला डबा रॉटरडॅमला सुएझमार्गे साधारण ६,३०० नॉटिकल मैलांत जातो. त्याला बेरिंगमार्गे पाठवणं म्हणजे दादरहून ठाण्याला नाशिकवरून जाणं. जपान-कोरियाला हा शॉर्टकट आहे, आपल्याला नाही, हे एकदा स्वच्छ बोललं पाहिजे कारण आपल्याकडे भाषणांत वेगळंच ऐकू येतं. चेन्नई-व्लादिवोस्तोकचा सागरी मार्ग मात्र खरा आहे, ५,६०० मैलांच्या आसपास, कोळसा-तेल-खतं त्यावरून येतातही, फक्त तो आर्क्टिक नाही, उगाच जोडून सांगतात. तेलाचं बघाल तर आपला संबंध आधीच आलाय, ओएनजीसी विदेश आणि बाकीच्या सरकारी तेल कंपन्यांचा मिळून सायबेरियातल्या वान्कोर तेलक्षेत्रात ४९.९ टक्के वाटा आहे. २०२२ नंतर आर्को, नोव्ही पोर्ट, वारांदेय असली आर्क्टिक नावांची क्रूड आपल्या रिफायनऱ्यांत आली, तीही सुएझवरूनच, उलट्या बाजूने! जानेवारी २०२५ च्या निर्बंधांनंतर ते कठीण झालं. सवलतीत मिळेल तेव्हा घ्यावं, पण पुढच्या वीस वर्षांची बांधिलकी करू नये, असं आपलं माझं मत.

पैसा घालायचाच तर माणसांवर आणि बोटींवर घाला. जगात भारतीय दर्याची माणसं एवढी, पण बर्फात मास्टर म्हणून उभी राहू शकतील अशी किती? शिवाय आपल्याकडे आजही स्वतःचं ध्रुवीय संशोधन जहाज नाही. गोव्यात वास्कोला हेडलँड सडावर एनसीपीओआर ही ध्रुवीय संशोधनाची सरकारी संस्था आहे, तिथूनच आपल्या अंटार्क्टिकाच्या आणि आर्क्टिकच्या मोहिमा ठरतात, १९८१ मध्ये पहिली मोहीम गोव्याहूनच निघाली होती, पण जहाज तेव्हाही भाड्याचं आणि नंतर बरीच वर्षं रशियन जहाजंच भाड्याने घेतली. (हो, अंटार्क्टिकाचा प्रकार वेगळा, तिथे १९५९ च्या कराराने लष्करी तळ आणि कवायतींना बंदी आहे, उत्तरेला असा काहीच करार नाही. हे दोन्ही ध्रुव एकाच वाक्यात घालणाऱ्यांपासून सावध राहा.) २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच कंपनीने नॉर्वेच्या कंपनीबरोबर असं जहाज बांधायचा सामंजस्य करार केलाय, ते पाण्यात उतरलं की मी पेढे वाटीन. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आपलं हिमाद्री केंद्र २००८ पासून आहे, आणि त्याचा उपयोग काय असं विचारणाऱ्यांना सांगा की कारा समुद्रातला बर्फ कमी होण्याचा आणि मध्य भारतात सप्टेंबरात होणाऱ्या अतिवृष्टीचा संबंध असू शकतो हे गोव्याच्याच शास्त्रज्ञांनी दाखवलंय. विदर्भातल्या काढणीला आलेल्या सोयाबीनचा प्रश्न आहे हा, कुठल्या तरी लांबच्या अस्वलांचा नाही.

आता भाचा. जाऊ दे, पण आधी चार गोष्टी बघा. पोलर कोड, म्हणजे ध्रुवीय पाण्यात जाणाऱ्या बोटींचे नियम, २०१७ पासून लागू आहे; मुर्मान्स्क त्याच्या हद्दीबाहेर येतं, पण बोट पुढे कारा समुद्राकडे बर्फात जाणार असेल तर वॉचवरच्या ऑफिसरकडे पोलर वॉटर्सचं बेसिक सर्टिफिकेट पाहिजे, चीफ ऑफिसर आणि मास्टरला अॅडव्हान्स्ड. मग बोटीचा सात आकडी आयएमओ नंबर मागा. नाव बदलतं, झेंडा बदलतो, रंग बदलतो, नंबर बदलत नाही. त्या नंबरावरून मालक कोण, क्लास कोणाचा (म्हणजे बोट तपासून दाखला देणारी संस्था कुठली), पी अँड आय म्हणजे अपघात-नुकसानभरपाईचा विमा कुठल्या क्लबचा, आणि अमेरिका-युरोप-ब्रिटनच्या निर्बंधांच्या यादीत बोट आहे का, सगळं कळतं. निर्बंधातल्या जुनाट बोटींवर पगार अडकलेली, महिनोन्महिने अँकरवर सोडून दिलेली आपली पोरं मी बघितली आहेत, आणि २०२५ च्या सुरुवातीला रशियन बंदरांना जाऊन आलेल्या काही टँकरांच्या पत्र्याला बाहेरून स्फोट झाले, त्यामुळे हे नुसतं कागदाचं प्रकरण नाही. विमा जर कधी न ऐकलेल्या कंपनीचा असेल किंवा एजंट "नंबर जॉइन झाल्यावर देतो" म्हणायला लागला तर सरळ नाही म्हणा, दुसरी बोट मिळेल. सगळं ठीक असेल तर त्याला सांगा, कंपनीच्या हातमोज्यांच्या आत घालायला लोकरीचे पातळ मोजे तीन जोड घे, आणि चष्मा असेल तर धातूची फ्रेम घरी ठेवून प्लॅस्टिकची ने. नंबर मिळाला की मलाही कळवा, बघून सांगतो.